सिक्वेन्सरचा रन रिकामा आला तर: टोक बंद असलेलं प्रोटीन कसं वाचायचं

एडमन सिक्वेन्सर म्हणजे प्रोटीनच्या साखळीतली अमिनो आम्लं सुरुवातीच्या टोकापासून, एका सायकलला एक, अशी वाचणारं यंत्र. त्यावर पहिल्यांदा सॅम्पल लावताना अपेक्षा साधी असते. दहा सायकल लावल्या की दहा अमिनो आम्लं कळतील. मग रिपोर्ट येतो आणि एकाही सायकलला धड पीक नसतं. जेलवर बँड ठसठशीत असतो, ब्लॉटवर निळाशार डाग असतो, तरी यंत्र गप्प. ‘एन-टर्मिनस ब्लॉक असेल’, म्हणजे साखळीचं सुरुवातीचं टोक बंद असेल, असं कुणीतरी म्हणतं आणि विद्यार्थी लगेच टोक उघडणाऱ्या एन्झाइमचे कॅटलॉग चाळू लागतो.

ही घाई करू नका. रन रिकामा येण्याची कारणं बरीच आहेत, बंद टोक हे त्यातलं एक. आणि टोक खरंच बंद असलं तरी ते उघडायचा प्रयत्न सगळ्यात शेवटी करायचा असतो. आधी प्रोटीनचे तुकडे करून आतून वाचा, मग पहिला तुकडा मास स्पेकवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, पकडा. बहुतेक सॅम्पल एवढ्यात सुटतात. एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुणालाही वापरता येईल अशा क्रमाने पुढे लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून सगळीकडे घोड्याच्या हृदयातलं सायटोक्रोम सी घेतलं आहे. ते विकत मिळतं, त्याचे १०४ अवशेष (साखळीत गुंफलेली अमिनो आम्लं) पूर्ण माहीत आहेत आणि त्याच्या पहिल्या ग्लायसिनवर अ‍ॅसिटिल गट बसलेला असतो. स्वतःच्या मौल्यवान सॅम्पलला हात लावण्याआधी या प्रोटीनवर हात बसवून घ्या.

आधी रसायन, थोडक्यात

पेअर एडमन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीत फिनाइल आयसोथायोसायनेट हे अल्कली माध्यमात साखळीच्या पहिल्या अवशेषाच्या मोकळ्या अमिनो गटाला चिकटतं. नंतर टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल) तेवढाच अवशेष कापून काढतं, तो पीटीएच (फिनाइलथायोहायडँटॉइन) रूपात एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, ओळखला जातो आणि पुढचा अवशेष उघडा पडतो. मोकळा अमिनो गटच नसेल तर पहिली पायरीच होत नाही.

हा गट निसर्गात अनेक प्रकारे झाकला जातो. सर्वात जास्त आढळतो तो अ‍ॅसिटिल. माणसाच्या पेशीतल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रोटीनवर तो असतो. १९५८ मध्ये नारिता यांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या कवचाच्या प्रोटीनमध्ये तो दाखवला. दुसरा पायरोग्लुटामिल: सुरुवातीचं ग्लुटामिन स्वतःवरच वळून कडं तयार करतं. अँटिबॉडीच्या साखळ्यांत हा नेहमी भेटतो. तिसरा फॉर्मिल, जो जिवाणूंमध्ये बनवून घेतलेल्या प्रोटीनवर कधीकधी शिल्लक राहतो. ग्लायसिनवर मिरिस्टिलही बसतो. मधुमेहाच्या तपासणीतलं एचबीएवनसी म्हणजेही हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलिनला चिकटलेलं ग्लुकोज. त्याच्या आंतरराष्ट्रीय संदर्भ-पद्धतीत ग्लू-सी एन्झाइमने पहिले सहा अवशेष कापून ते मोजतात. आपण पुढे जे करणार आहोत त्याची जात तीच.

हाताशी काय हवं

- पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, जेलमधलं प्रोटीन उतरवून घ्यायला. नायट्रोसेल्युलोज चालत नाही, सिक्वेन्सरच्या द्रावकांत ते विरघळतं.
- १० मिलिमोलर कॅप्स बफर, पीएच ११, त्यात १० टक्के मिथेनॉल
- कूमासी आर-२५०, डीटीटी, आयोडोअ‍ॅसिटामाइड
- सिक्वेन्सिंग ग्रेड ट्रिप्सिन (लायसिन आणि आर्जिनिननंतर साखळी कापणारं एन्झाइम), शिवाय लाइस-सी किंवा ग्लू-सी यांपैकी एक
- सायनोजेन ब्रोमाइड, पण फक्त फ्यूम हूड आणि अनुभवी माणूस सोबत असेल तर
- मोकळ्या टोकाचं कंट्रोल म्हणून बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, बंद टोकाचं म्हणून सायटोक्रोम सी
- मास स्पेक सुविधेच्या फॉर्मसाठी: प्रोटीनचा स्रोत, अंदाजे वजन, शुद्धीकरणाच्या सगळ्या बफरची यादी, युरिया कधी वापरला का, जेलचा फोटो

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. सुविधेतल्या माणसाला ‘युरिया वापरला होता’ हे एक वाक्य आधी कळलं तर डेटा वाचताना त्याचं आणि तुमचं बरंच काम वाचतं.

१. टोक आपणच बंद केलं नाही ना, हे तपासा

युरियाच्या द्रावणात हळूहळू सायनेट तयार होतं आणि ते अमिनो गटावर कार्बामिल चढवतं. म्हणून युरिया ताजा बनवा आणि त्यातलं प्रोटीन ३७ अंशांच्या वर तापवू नका. जेलमध्ये पॉलिमर न झालेलं अ‍ॅक्रिलामाइड आणि उरलेलं परसल्फेट हेही टोक खराब करतात. जेल आदल्या दिवशी ओतून रात्रभर ठेवा. वरच्या टाकीतल्या बफरमध्ये ०.१ मिलिमोलर थायोग्लायकोलेट घातलं तर आणखी बरं.

ट्रान्सफरला ट्रिस-ग्लायसिन बफर वापरला तर ग्लायसिनचा प्रचंड पीक पहिल्या काही सायकल झाकून टाकतो, म्हणून कॅप्स. आणि वेस्टर्नसाठी दुधात बुडवलेली मेम्ब्रेन सिक्वेन्सिंगला देऊ नका, तुम्हाला केसीन वाचायला मिळेल. वेस्टर्नची मेम्ब्रेन आणि सिक्वेन्सिंगची मेम्ब्रेन पहिल्यापासून वेगळी ठेवा.

२. रिकामा रन खरंच रिकामा आहे का

आधी हिशोब करा. सायटोक्रोम सीचं वजन सुमारे १२,३६० डाल्टन, म्हणजे १०० पिकोमोल म्हणजे १.२ मायक्रोग्रॅम. ५० किलोडाल्टनच्या प्रोटीनचे तेवढेच पिकोमोल हवे असतील तर ५ मायक्रोग्रॅम लागतात. बँड ठळक दिसतो म्हणून मोल भरपूर आहेत असं समजणं इथे नडतं, कारण मोठ्या प्रोटीनचा ठळक बँडही मोलच्या हिशोबात तोकडा असू शकतो.

त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, तेवढंच बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन लावा. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, थ्रिओनिन असं नीट आलं आणि तुमचं सॅम्पल गप्प राहिलं, तर यंत्र आणि रसायनं निर्दोष आहेत.

नवख्यांना सर्वात जास्त फसवणारा प्रकार यापुढचा. रन रिकामा नसतो, बारीकसा पण स्वच्छ सिक्वेन्स येतो. लोक खूश होऊन तो डेटाबेसमध्ये टाकतात. लावलेलं प्रोटीन ५० पिकोमोल आणि पहिल्या सायकलचा पीक १ पिकोमोलचा असेल, तर तुम्ही बहुधा त्याच बँडमध्ये दडलेलं, मोकळ्या टोकाचं, दुसरंच कुठलंतरी प्रोटीन वाचलं आहे. मुख्य प्रोटीन बंद आहे आणि गप्प बसलं आहे. मोकळ्या टोकाच्या सॅम्पलमधून लावलेल्या मालाच्या साधारण निम्म्याच्या आसपास सिग्नल यायला हवा. त्याहून फारच कमी आला तर त्या सिक्वेन्सवर प्रबंधाचा धडा उभारू नका.

३. प्रोटीन कुठून आलं, त्यावरून अंदाज बांधा

या पायरीला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा ती गाळली जाते. युकॅरिओटिक पेशीच्या द्रवातलं प्रोटीन असेल तर अ‍ॅसिटिलची शक्यता मोठी. सुरुवातीचं मेथिओनिन गळून सेरीन, अ‍ॅलनिन, थ्रिओनिन किंवा ग्लायसिन उघडं पडलं असेल तर जास्तच. मेथिओनिन टिकून दुसऱ्या जागी अ‍ॅस्पार्टिक किंवा ग्लुटॅमिक आम्ल असेल तरीही अ‍ॅसिटिल आधी धरा. पेशीबाहेर स्रवणाऱ्या प्रोटीनचा सिग्नल पेप्टाइड (सुरुवातीचा, बाहेरचा रस्ता दाखवणारा तुकडा) कापला जातो, त्यामुळे टोक सहसा मोकळं असतं. पण कापल्यावर ग्लुटामिन पुढे आलं तर पायरोग्लुटामिल. जिवाणूत बनवलेलं असेल तर फॉर्मिलचा विचार करा.

४. आतून वाचा: सायनोजेन ब्रोमाइड

रिकाम्या रनची पीव्हीडीएफ चकती टाकून देऊ नका. तिच्यावर प्रोटीन तसंच आहे. सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनिनच्या पुढे साखळी तोडतं, आणि मेथिओनिन कमीच असल्याने तुकडे मोजके, मोठे मिळतात. चकतीवर ७० टक्के टीएफएमधलं द्रावण टाकून, अंधारात, खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवायचं. जुन्या प्रोटोकॉलमध्ये ७० टक्के फॉर्मिक आम्ल असतं, पण ते सेरीन-थ्रिओनिनवर फॉर्मिल चढवतं, म्हणून मी ते टाळते.

हे रसायन जीवघेणं विषारी आहे. हूडबाहेर बाटली उघडायची नाही, एकट्याने काम करायचं नाही, आणि कचरा अल्कलीयुक्त हायपोक्लोराइटने निकामी केल्याशिवाय, संस्थेने ठरवलेल्या पद्धतीशिवाय टाकायचा नाही.

सायटोक्रोम सीमध्ये मेथिओनिन दोनच, ६५ आणि ८० क्रमांकावर. म्हणजे तीन तुकडे: १ ते ६५, ६६ ते ८० आणि ८१ ते १०४. पहिल्या तुकड्याचं टोक बंद, तो गप्पच राहतो. उरलेले दोन एकाच वेळी वाचले जातात. पहिल्या सायकलला ग्लुटॅमिक आम्ल आणि आयसोल्युसिन, दुसऱ्याला टायरोसिन आणि फिनाइलअ‍ॅलनिन, तिसऱ्याला ल्युसिन आणि अ‍ॅलनिन, चौथ्याला ग्लुटॅमिक आम्ल आणि ग्लायसिन, पाचव्याला अ‍ॅस्पॅराजिन आणि आयसोल्युसिन.

कुठलं अक्षर कुठल्या तुकड्याचं, हे सोडवायला ऑर्थोप्थालाल्डिहाइड वापरतात. ते प्राथमिक अमिनो गट कायमचे बंद करतं, पण प्रोलिनचा दुय्यम अमिनो गट त्याच्या तावडीतून सुटतो. ६६ ते ८० या तुकड्यात सहावा अवशेष प्रोलिन आहे, ८१ ते १०४ या तुकड्यात सहावा लायसिन. पाच सायकल झाल्यावर, सहाव्याची जोडणी सुरू होण्याआधी ऑर्थोप्थालाल्डिहाइड दिलं की ८१ ते १०४ हा तुकडा बंद पडतो आणि पुढे प्रोलिन, लायसिन, लायसिन, टायरोसिन, आयसोल्युसिन असा एकच स्वच्छ धागा येतो. मिश्रणाच्या गोंधळातून एका सायकलमध्ये हा धागा वेगळा होताना क्रोमॅटोग्राम स्वतः बघा. एडमनचं रसायन मला जे खऱ्या अर्थाने कळलं, ते इथे.

आधीच रन झालेल्या चकतीवर ट्रिप्सिन लावायला मात्र जाऊ नका. फिनाइल आयसोथायोसायनेट लायसिनच्या बाजूच्या गटांवरही बसलेलं असतं, त्यामुळे ट्रिप्सिन तिथे कापत नाही, फक्त आर्जिनिनवर कापतं. आणि मेथिओनिनचं ऑक्सिडेशन झालेलं असेल तर सायनोजेन ब्रोमाइडही तिथे निष्प्रभ ठरतं. मेथिओनिनच्या लगेच पुढे सेरीन किंवा थ्रिओनिन असेल तरी तुटणं अर्धवट होतं.

५. आतून वाचा: एन्झाइम

मेथिओनिन नसेल किंवा माल थोडा असेल तर ताज्या जेलमधल्या बँडवर ट्रिप्सिन. डीटीटीने रिडक्शन, आयोडोअ‍ॅसिटामाइडने अंधारात अल्किलेशन, ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये ३७ अंशांना रात्रभर. हा प्रोटोकॉल प्रत्येक लॅबमध्ये असतो, त्यावर जास्त लिहीत नाही. मिळालेले पेप्टाइड (साखळीचे छोटे तुकडे) एचपीएलसीवर वेगळे करून दोन-तीन स्वच्छ पीक एडमनला द्या, बाकीचे मास स्पेकला.

प्रोटीन ओळखणं एवढंच काम असेल तर इथेच थांबता येतं. आतले दोन-तीन पेप्टाइड जुळले की प्रोटीन कुठलं ते कळतं. टोकावर नेमकं काय आहे हे हवं असेल तरच पुढे या.

६. पहिला पेप्टाइड मास स्पेकवर पकडा

मास स्पेकला मोकळ्या टोकाची गरज नसते. बंद टोक तिथे वजनातला फरक म्हणून दिसतं (आकडे डाल्टनमध्ये):

- अ‍ॅसिटिल: ४२.०१०६ जास्त
- फॉर्मिल: २७.९९४९ जास्त
- कार्बामिल: ४३.००५८ जास्त
- मिरिस्टिल: २१०.१९८४ जास्त
- ग्लुटामिनपासून पायरोग्लुटामिल: १७.०२६५ कमी

आधी अख्ख्या प्रोटीनचं वजन घ्या. सायटोक्रोम सीच्या साखळीचं वजन सुमारे ११,७०२, तिला जोडलेल्या हीम या लोहयुक्त गटाचं ६१६, आणि प्रत्यक्ष मोजलेलं १२,३६०. शिल्लक राहिलेले ४२ म्हणजे एक अ‍ॅसिटिल. पण तो कुठे आहे, हे अख्खं वजन सांगत नाही. त्यासाठी पहिला पेप्टाइड लागतो.

ट्रिप्सिनने मिळणारा पहिला पेप्टाइड असा: अ‍ॅसिटिल-ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, व्हॅलिन, ग्लुटॅमिक आम्ल, लायसिन. त्याचा एम/झेड (वजन भागिले विद्युतभार, मास स्पेक हेच मोजतं) ५८९.२८. इथे पहिला खड्डा. माल्डी या प्रकारच्या मास स्पेकवर (त्यात सॅम्पल मॅट्रिक्स नावाच्या पदार्थात मिसळून त्यावर लेसर मारतात) बरेच जण ७०० किंवा ८०० च्या खालचं बघतच नाहीत, कारण तिथे मॅट्रिक्सचे पीक दाटलेले असतात. मग ‘एन-टर्मिनल पेप्टाइड मिळाला नाही’ असा शेरा येतो. एलसी-एमएसवर (एचपीएलसीला जोडलेलं मास स्पेक) खालची मर्यादा उतरवून बघा, किंवा ट्रिप्सिन कमी वेळ ठेवा. कापणं एका जागी चुकलं की दोन अवशेष जास्त असलेला पेप्टाइड ७७४.४० वर दिसतो. एन्झाइम बदलतानाही साखळी डोळ्यासमोर ठेवा. अ‍ॅस्प-एन हे अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या आधी कापतं, म्हणजे इथे पहिला तुकडा नुसता अ‍ॅसिटिल-ग्लायसिन उरेल, तो हाती लागणार नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. या पेप्टाइडचं एमएस-एमएस केलं, म्हणजे यंत्रातच तो फोडून तुकड्यांची वजनं घेतली, की शेवटाकडून १४७.११, २७६.१६, ३७५.२२, ४९०.२५ अशी शिडी मिळते. ५८९.२८ मधून ४९०.२५ वजा केले की उरतात ९९.०३. व्हॅलिनच्या अवशेषाचं वजन ९९.०७. कमी अचूकतेच्या यंत्रावर तुम्ही सरळ ‘व्हॅलिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, व्हॅलिन, ग्लुटॅमिक आम्ल, लायसिन, टोक मोकळं’ असं वाचाल आणि सॉफ्टवेअरही मान डोलावेल. फरक ०.०३६ डाल्टनचा, म्हणजे या एम/झेडला सुमारे ६२ पीपीएम (दहा लाखांत ६२ भाग). १० पीपीएमच्या आत कॅलिब्रेट केलेलं यंत्र तो सहज दाखवतं, म्हणून रन देताना अचूकता किती हे विचाराच.

तसं यंत्र मिळत नसेल तर एक साधा रासायनिक पुरावा आहे. फॉर्मल्डिहाइड आणि सायनोबोरोहायड्राइडने पेप्टाइडचं डायमिथिलेशन करा. प्रत्येक मोकळ्या अमिनो गटामागे २८.०३ वाढतात. टोक मोकळं असतं तर टोक आणि लायसिन मिळून ५६.०६ वाढले असते. इथे फक्त २८.०३ वाढतात, म्हणजे टोक बंद. आणि तुमचा तो रिकामा एडमन रन? मोकळ्या व्हॅलिनने एडमनमध्ये सुरेख पीक दिला असता. तो आला नाही, हाही पुरावा आहे, रिपोर्टमध्ये लिहा.

उलट बाजूने, ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वजन एकच असल्याने साध्या मास स्पेकवर ते वेगळे होत नाहीत, एडमनमध्ये होतात. दोन्ही पद्धती हाताशी ठेवा.

मास स्पेकचा डेटा डेटाबेसशी जुळवणारा सर्च लावताना अ‍ॅसिटिल हे ‘प्रोटीन एन-टर्मिनस’ या पर्यायाखाली घाला आणि सुरुवातीचं मेथिओनिन गळालेलं चालेल असं सांगा. पायरोग्लुटामिलबाबत खास काळजी घ्या. ट्रिप्सिनने कापल्यावर ज्या पेप्टाइडच्या सुरुवातीला ग्लुटामिन येतं, तो पचन चालू असतानाच कडं करून घेतो. त्यामुळे पायरोग्लुटामिल दिसला म्हणजे प्रोटीनची सुरुवात सापडली असं होत नाही. डेटाबेसमध्ये त्याच्या आधीचा अवशेष लायसिन किंवा आर्जिनिन असेल तर तो ट्रिप्सिनचाच प्रताप समजा.

७. टोक उघडायचंच असेल तर

डेटाबेसमध्ये नसलेलं प्रोटीन, किंवा सुरुवातीचा लांब सिक्वेन्स एडमननेच हवा, अशा वेळी. गट कुठला हे सहाव्या पायरीने कळलेलं असावं, कारण प्रत्येकाची किल्ली वेगळी.

पायरोग्लुटामिलसाठी पायरोग्लुटामेट अमिनोपेप्टिडेज. हे सगळ्यात भरवशाचं. पायरोकोकस फ्युरियोससचं एन्झाइम उष्णतेला टिकतं, त्यामुळे प्रोटीन उलगडलेल्या अवस्थेत काम होतं. हे सिस्टीनवर चालणारं एन्झाइम आहे, म्हणून अल्किलेशननंतर उरलेलं आयोडोअ‍ॅसिटामाइड पूर्ण काढून टाका आणि डीटीटी ठेवा, नाहीतर एन्झाइमच मरेल. दुसऱ्या जागी प्रोलिन असेल तर ते कापत नाही. आणि उघडल्यावर येणारा सिक्वेन्स दुसऱ्या अवशेषापासूनचा असतो, क्रमांक देताना एक पुढे सरका.

फॉर्मिलसाठी ०.६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, २५ अंशांना २४ तास.

अ‍ॅसिटिल सेरीन किंवा थ्रिओनिनवर असेल तर निर्जल टीएफएची वाफ, ४५ ते ६५ अंशांना. अ‍ॅसिटिल नायट्रोजनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर सरकतो आणि अमिनो गट मोकळा होतो. आम्लाने साखळी इतरत्रही थोडी तुटते, त्यामुळे पार्श्वभूमी वाढते. सायटोक्रोम सी ग्लायसिनने सुरू होतं, त्याच्यावर हे चालणार नाही. कंट्रोल म्हणून गायीचं कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज घ्या, ते अ‍ॅसिटिल-सेरीनने सुरू होतं.

बाकी अ‍ॅसिटिलसाठी अ‍ॅसिलअमिनोअ‍ॅसिल पेप्टिडेज. हे फक्त छोट्या पेप्टाइडवर चालतं. अख्ख्या प्रोटीनवर ओतून वाट बघत बसणं म्हणजे एन्झाइम वाया. आधी प्रोटीन कापा, नव्याने तयार झालेली सगळी टोकं सक्सिनिक अ‍ॅनहायड्राइडने बंद करा, मग हे एन्झाइम द्या. मूळचा पहिला पेप्टाइड तेवढा उघडतो आणि मिश्रणातही एकटा वाचता येतो.

८. दुसरं टोकही बंद असेल तर

छोट्या हार्मोन पेप्टाइडमध्ये कार्बॉक्सिल टोकावर अमाइड असणं नेहमीचं आहे. वजन ०.९८४ डाल्टनने कमी येतं. टीआरएच हे मेंदूतलं हार्मोन म्हणजे पायरोग्लुटामिल, हिस्टिडिन आणि अमाइड असलेलं प्रोलिन, दोन्हीकडून बंद. गिल्मँ यांच्या गटाने मेंढ्यांच्या आणि शॅली यांच्या गटाने डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून ते काढलं आणि १९६९ मध्ये तीन अवशेषांची ही रचना पक्की झाली. अशा छोट्या पेप्टाइडसाठी आजही संशयित रचना कृत्रिमरीत्या बनवून घ्या आणि मूळ पेप्टाइडशी एचपीएलसीवरचा वेळ व एमएस-एमएस जुळवा. तीन-चार अवशेषांचा पेप्टाइड बनवून घेणं आज फार महाग नाही.

९. नोंद कशी ठेवावी

रिपोर्टमध्ये ‘एन-टर्मिनस ब्लॉक्ड’ एवढंच लिहून सोडू नका. किती पिकोमोल लावले, कंट्रोलचा पहिला पीक किती आला, गट कुठला आणि कशावरून ठरवला, अचूकता किती पीपीएम, युरिया वापरला होता का, हे पाच मुद्दे लिहा. उरलेलं पचन आणि वापरलेली चकती वेगवेगळ्या ट्यूबमध्ये, तारीख टाकून, उणे २० अंशांना ठेवा. चकतीच्या ट्यूबवर किती सायकल झाल्या तेही लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तिच्यावर ट्रिप्सिन चालणार नाही हे लेबल वाचूनच कळेल.